झारी, किटली आणि बाबा

३ मार्च
वही घेऊन अकरा दिवस झाले. आधी पेन नव्हतं, मग मूड नव्हता. असो, आता रोज लिहिणार. नोकरी लागली! विद्यापीठातल्या एक मॅडम माणसांना दोन वस्तू किती सारख्या वाटतात याचं गणित मांडतात. मी वीस जणांना चित्रांच्या जोड्या दाखवून एक ते नऊपैकी आकडा घ्यायचा. जमलं तर वर्षभर ठेवतील. नाहीतर बाबांच्या छापखान्यात. बाबा एकतीस वर्षं त्याच मशीनवर, एकदाही लेट नाहीत.

४ मार्च
ताईकडेच मुक्काम. तिला सांगितलं, ही सहावी नोकरी, पण ही टिकणार. ती म्हणाली, जरा बाबांसारखा हो. लहानपणापासून हेच.

६ मार्च
पहिला गडी कोपऱ्यावरचा न्हावी. झारी किटलीसारखी आहे का? सात म्हणाला. थोड्या वेळाने यादीत तीच जोडी उलटी. किटली झारीसारखी आहे का? चार म्हणाला. गोंधळला बिचारा. मीच सात करून टाकले.

१० मार्च
सगळेच उलट्या जोडीला गोंधळतात. मॅडम हुशार, पण एकच प्रश्न दोनदा कशाला? आता उलटं विचारतच नाही, पहिलाच आकडा तिथेही उतरवून घेतो. वाचलेल्या वेळात गिटारच्या क्लासची चौकशी केली.

१२ मार्च
वीस पूर्ण. दोन दिवस आधी!

१४ मार्च
मॅडमनी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला. वीसही जणांचे आकडे दोन्हीकडून सारखे कसे, विचारलं. अभिमानाने सांगितलं, दुरुस्त केले. मॅडम बराच वेळ चष्मा पुसत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, तो फरक मोजायलाच तर हे सगळं मांडलंय." सोमवारपर्यंत वीस माणसं नव्याने, नाहीतर रामराम. उलट विचारलं की उत्तर बदलतं म्हणे. मला नाही पटत.

१६ मार्च, रविवार, दुपारी ४
वीस पेन्सिलींना टोक काढून झालं. माणसं शून्य. न्हावी म्हणाला, आधी केस कापून घे, मग प्रश्न विचार.

४.२०
ताईला पकडून बसवलं, तेवढ्यात बेल. दारात बाबा! हातात बॅग, काखेत स्वतःची उशी. साहेबाशी वाजलं, राजीनामा टाकला, आता जरा हिंडणार म्हणतात. म्हणजे छापखानाही गेला.
ताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाबा, तुम्ही अगदी ह्याच्यासारखे निघालात."
बाबांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "इतकं लागेल असं बोलू नये गं."
मॅडमचं पटलं.