पिवळं विमान उन्हात पांढरं दिसतं

आप्पा, परवा पेठला आत्याच्या नातवाचं बारसं होतं आणि तिनं पुन्हा तेच सांगितलं. भरल्या घरात, पाळण्याची दोरी हातात धरून. म्हणे, माझ्या दादानं मला लढाईच्या काळातलं पिवळं इमान दाखवलं, पर उन्हात ते पांढरं दिसतं. बायका हसल्या. मग तिनं साक्षीदार म्हणून माझ्याकडे बोट केलं, "इचारा हिला, ही व्हती की संगं." मी मान डोलावली. दहा-बारा वर्षं झाली, मी ही मान डोलावतेच आहे. तुम्ही थाप मारून निघून गेलात आणि त्या थापेची राखण मला लावून गेलात. याची तक्रार दुसऱ्या कुणाकडे करता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुमच्यासारख्या माणसानं थाप मारावी हेच मला अजून पटत नाही. तुम्ही हवाई दलात मेकॅनिक होतात, तरुणपण त्या पिवळ्या विमानाखाली पाठीवर पडून घालवलंत, आणि पेन्शन घेऊन गावी आलात तेव्हा तिथली सगळी शिस्त ट्रंकेत भरून आणलीत. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी गजराचं घड्याळ ठेवलंत. आमच्या गावात दुसऱ्या कुणाच्या चुलीला घड्याळ नव्हतं. भाकरी थापताना आई त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेनं तिनं सासूकडेही कधी बघितलं नसेल. चहाला उशीर झाला की तुम्ही रागवायचा नाहीत, ओरडायचा नाहीत. नुसते उठून शेतावर निघून जायचात. ओरडला असतात तर बरं झालं असतं, निदान उलटून बोलता आलं असतं.

त्या लग्नाचं तर आठवलं की अजून डोकं फिरतं. आईच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न, गाव मंचरच्या पलीकडे. पत्रिकेतली वेळ झाली तेव्हा नवरदेव मारुतीच्या देवळात होता आणि त्याच्यापुढे पोरं बँडवर नाचत होती. आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पत्रिकेतली वेळ ही छापायची असते. तुम्ही उठलात, मुठीतल्या अक्षता रिकाम्या स्टेजवर टाकल्यात, तिथल्या दोन खुर्च्यांना नमस्कार केलात आणि आम्हाला घेऊन एस.टी. स्टँडवर आलात. जेवलो नाही, नवरी पाहिली नाही. आई गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. पुढे कितीतरी दिवस तिला माहेरच्या माणसांनी ते ऐकवलं, तुम्हाला नाही.

आणि खोडद. ते मी विसरले असेन असं तुम्हाला वाटत असेल तर चूक आहे. रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या नव्या उभ्या राहिल्या होत्या आणि लोकांना आत जाऊन बघू देणार होते. शाळेत आठवडाभर तेवढाच विषय. मला सर्वांत जास्त कौतुक, कारण आकाशातलं काही ऐकणारं यंत्र आपल्या कांद्याच्या वावरांशेजारी बसवलंय, यावर माझा विश्वासच बसत नव्हता. तुम्ही आदल्या रात्री वेळ सांगितलीत. सकाळी माझी एक वेणी झाली होती, दुसरी व्हायची होती. तुम्ही लुनाच्या सीटवर दोनदा थाप मारलीत. ती तुमची सूचना असायची. तिसरी थाप नसायची. मी अर्धे केस हातात धरून बाहेर आले तेव्हा भाऊ मागे बसला होता आणि लुना कॅनॉलच्या पुलावर पोचली होती. मी हाक मारली. तुम्हाला ऐकू आली होती, हे भावानं मला नंतर सांगितलं. संध्याकाळी तुम्ही आलात आणि चपला काढता काढता म्हणालात, "येळ पाळली असती तर बघितलं असतंस." एवढंच. त्यानंतर मी कुठेही उशिरा गेले नाही. लोक माझं कौतुक करतात. त्यांना वाटतं हा संस्कार आहे.

म्हणून विमानं बघायला निघालो त्या दिवशी पेठला माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पास मीच आणले होते. तेव्हा मी भोसरीला नोकरीला होते, ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं मिळाले. पुण्याच्या विमानतळावर हवाई दलाच्या कसरती होणार होत्या आणि त्यात जुन्या काळची, पुढे पंखा फिरणारी विमानं प्रत्यक्ष उडवून दाखवणार होते. तुमचं ते पिवळं त्यात आहे हे ऐकल्यावर तुम्ही दुपारी स्वतःचे बूट स्वतः पॉलिश करायला बसलात. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ह्या मानसासंगं लग्नाला जाऊन उपाशी आले, आता जत्रंला न्हाई जायची." मग शेजारची जीप सांगितली. आणि तुम्ही सहज बोलल्यासारखं म्हणालात की वाटेत पेठला थांबून आत्याला घ्यायचं. लहानपणी तिला विमान दाखवायचं कबूल केलं होतं. कबूल केलं तेव्हा ती परकरात होती, आणि आता तिला जावई आले होते.

आत्याला आदल्या दिवशी फोनवरून निरोप दिला होता, उजाडता तयार राहा. आम्ही पोचलो तेव्हा ती चुलीपुढे होती आणि ओल्या फडक्यावर बेसन थापत होती. मासवड्या! आपला भाऊ दारात येणार आणि न जेवता तसाच पुढे जाणार, हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. सारण भाजायचं होतं, वड्या वळायच्या होत्या, रस्सा व्हायचा होता, म्हशीची धार राहिली होती, आणि नेसायचं लुगडं कोणतं यावर सुनेशी बोलणं चाललं होतं. मी तुमच्याकडे बघितलं. मी वाटच बघत होते की आता तुम्ही जीपवर दोनदा थाप माराल. तुम्ही ओट्यावर बसलात. पॉलिश केलेले बूट काढून शेजारी ठेवलेत. तिच्या सासऱ्यांशी कांद्याच्या रोपाबद्दल बोललात. तिनं ताट वाढलं, तुम्ही जेवलात, आणि वर आणखी एक वडी मागून घेतलीत.

मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. जीपवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. कुणासाठी मिनिटभर न थांबलेला माणूस इथं वडी मागून घेतो, आणि आम्ही सारा जन्म त्या घड्याळाच्या धाकात काढला, हे मला सहन होईना. तिच्यात असं काय होतं, जे माझ्यात नव्हतं? मलाही विमानंच बघायची होती का? मुळीच नाही. मला तुम्हाला ते विमान बघताना बघायचं होतं. पण ते मी कुणाला सांगणार.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चाकणपर्यंत ठीक, मग आळंदीकडून गाड्यांची रांग. विमानतळ समोर दिसत होता आणि जीप हलत नव्हती. तेवढ्यात तो आवाज आला. जेट विमानांचा नव्हे, खरखरीत, घसा बसलेल्या माणसासारखा. तुमचा हात माझ्या खांद्यावर पडला. तुम्ही ताडपत्रीतून डोकं बाहेर काढलंत, मध्ये नेमकी वडाची फांदी आणि पाण्याची टाकी. आवाज डोक्यावरून गेला, पुन्हा वळून आला, गेला. तुम्ही डोकं आत घेतलंत तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. धूळ असेल. आत्या दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचा उसाचा रस बघत होती.

आम्ही आत पोचलो तेव्हा जुनी विमानं उतरून पलीकडे कुठेतरी नेलेली होती. मधल्या वेळात एक साधं, पांढरंधोप प्रवासी विमान उडालं, शेपटीवर कंपनीचं चित्र असलेलं. आत्यानं पदर तोंडाशी नेला. "दादा, ह्येच का रं तुजं? पर तू तर पिवळं म्हनायचास."

मी तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, मी सांगणारच होते. तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "ह्येच. उन्हात पांढरं दिसतं."

तिनं त्या विमानाला हात जोडले. मग आपण गवतात बसून डब्यातल्या मासवड्या खाल्ल्या, आणि जेट विमानं वर धुराच्या रेघा मारत होती त्याकडे तुम्ही फारसं बघितलंही नाहीत. परत येताना आत्याला पेठला सोडल्यावर मी तुम्हाला विचारलं, तिला रागावला का नाहीत. तुम्ही म्हणालात, "तिला इमान दाखवायचं कबूल केलं व्हतं. येळेवर दाखवीन असं न्हाई." असं उत्तर देणाऱ्या माणसापुढे हात टेकावेत नाहीतर काय करावं? पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, तेही आईचा चहा व्हायच्या आत, कुणाला वेळ न सांगता.

मध्यंतरी पेपरात आलं होतं की ती जुनी विमानं पुन्हा उडणार आहेत. मी गेले नाही. वेळेत पोचले असते, पुढची जागा मिळाली असती, आणि करायचं काय होतं तिथं बसून? हे लिहिलेलं आत्याला वाचून दाखवावं असं काल वाटलं होतं. पण मग पांढऱ्या-पिवळ्याचा उलगडा होईल आणि तिच्या हातात दुसरं काय राहील. म्हणून घडी करून कपाटात टाकते.

एक मात्र सांगायचं राहिलं. पेठहून निघताना आत्या अखेर जीपमध्ये बसली होती, मीही बसले होते, आणि मी एकदम म्हणाले की माझा रुमाल आत राहिला. मी उतरून घरात गेले आणि चुलीशेजारच्या खिडकीपाशी उभी राहिले. उगाच. बराच वेळ. मला फक्त बघायचं होतं. जीपवाल्यानं हॉर्नवर हात नेला, आणि तुम्ही त्याचा हात धरलात. खिडकीतून मला स्पष्ट ऐकू आलं, "थांब जरा, राव. पोरगी यायचीया."

मी आणखी थोडी तिथेच थांबले. तेवढ्यानंच विमान हुकलं की आत्याच्या रश्श्यानं, मला ठाऊक नाही, आणि मी त्याचं वाईटही वाटून घेतलेलं नाही. रुमाल माझ्या मुठीतच होता.