शेरा : दार बंद

प्रिय ताई,

तुझा तक्ता मिळाला. वर तीन कंपन्या आणि कडेला तुझे प्रश्न: फोन किती वेळात उचलतात, माणूस किती तासांत येतो, आलेला माणूस दुरुस्ती करतो की नुसतं डोकं खाजवून जातो. शेवटचा प्रश्न वाचून हसू आलं. लहानपणी सुट्टीत कोणी किती वेळा भांडी विसळली याचाही तू तक्ता करायचीस आणि माझ्या नावापुढे कायम फुल्या असायच्या. आता चौकटी भरायला माझ्याकडेच पाठवल्यास, कारण मी 'या धंद्यातला'. वृद्धाश्रमाच्या बाईंनी तुला सांगितलंय की खोलीतलं इंटरनेट ज्याचं त्याने घ्यायचं, आणि तिथे या तिन्ही कंपन्यांच्या तारा पोचतात. बाबांना पंधरा तारखेला न्यायच्या आधी जोडणी झालेली हवी, म्हणजे रोज संध्याकाळी सातला त्यांना तुझा चेहरा दिसेल. तक्त्याबरोबर तिथला फॉर्मही आलाय, तुझी सही झालेला, माझ्या सहीची जागा रिकामी ठेवून. तो समोर ठेवूनच लिहितोय. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मला खोटं फार सहज येतं. नोकरीने लावलेली सवय आहे.

तर आधी तुझ्या चौकटी. पहिला केबलवाला. कंपनी कसली, एक माणूस, एक शिडी आणि एक मोबाइल. मी काम शिकलो ते त्याच्याच हाताखाली. त्याच्याकडे तक्रार नोंदवायची पद्धत अशी, की आपण त्याला शिव्या घालायच्या, तो आपल्याला घालणार आणि अर्ध्या तासात दारात हजर होणार. एका गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून निघालेला मी त्याला पाहिलाय. पण तो आजारी पडला की सगळी गल्ली आजारी. गेल्या वर्षी त्याची पाठ धरली तेव्हा दोनशे घरं अकरा दिवस बंद होती, आणि हा पडल्या पडल्या प्रत्येकाचा फोन उचलून स्वतःच्या पाठीचं गाऱ्हाणं सांगत होता. तिथे लिही: फोन लगेच, माणूस लगेच, पुढचं त्याच्या पाठीवर.

दुसरी ती मोठी, जिच्या जाहिरातीत सगळं कुटुंब सोफ्यावर बसून दात दाखवतं. तिथे आधी यंत्र बोलतं. एक दाबा, दोन दाबा, चुकून नऊ दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. वीसेक मिनिटांनी एक मुलगी येते, आवाज गोड, समोर कागद. तुम्ही म्हणा की बाई, डबाच जळलाय, तरी ती विचारणार की डब्यावरचा दिवा हिरवा आहे का. तिच्यावर चिडू नकोस, कागद सोडून बोललं की तिचे गुण कापतात. मी तिथे दोन वर्षं काढली आहेत. माणूस तिसऱ्या दिवशी येतो, पण येतो तो शिकलेला असतो आणि त्याला घाई नसते. बाबांना तो आवडला असता.

तिसरी आमची. फोन चाळीस सेकंदांत, माणूस चार तासांत. तुझ्या तक्त्यात सगळ्यात जास्त बरोबरच्या खुणा हिलाच पडतील. बाबांकडे तू हीच घेतलीस, शिवाय घरचा माणूस आत. आता त्या चार तासांची गोष्ट नीट सांगतो, ती जाहिरातीत नसते. तक्रार आली की आमच्या मोबाइलवर उलटं घड्याळ धावायला लागतं आणि चार तासांच्या आत ती बंद व्हावी लागते. सुटावी लागते असं नाही म्हणालो मी, बंद व्हावी लागते. बंद करताना खाली एक शेरा निवडायचा. 'दुरुस्त केले', 'ग्राहकाची वायर खराब', 'वीज नाही', 'दार बंद'. त्यातला 'दार बंद' फार गुणाचा. तो निवडला की घड्याळ थांबतं, ग्राहकाला मेसेज जातो की आमचे प्रतिनिधी येऊन गेले, आपले दार बंद होते, आणि दुसऱ्या दिवशी नवे चार तास मिळतात. रोज चौदा घरं असतात, ताई. जेवायच्या वेळेपर्यंत प्रत्येक जण एकदोन दारं लावतोच. आमच्यात तर विचारतातच, 'आज किती दारं लावलीस रे?' आणि हसतात. मीही हसायचो.

हाच विनोद मी तुझ्या वाढदिवसाला जेवताना सांगितला होता. तुला आठवत असेल, बाबांनी चमचा खाली ठेवला. चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढलेला माणूस. 'म्हणजे तुम्ही तक्रारी दुरुस्त करत नाही, पुरता,' म्हणाले. आणि मग ते दुसरं, 'दाराला हात न लावता दार बंद म्हणणारा माणूस माझ्या घरात आजवर जेवला नव्हता.' भावोजी ताटात बघत राहिले, तू पाणी हवं का असं सगळ्यांना विचारत सुटलीस आणि मी ताटावरून उठलो. नऊ महिने मी त्या घराचा जिना चढलो नाही. तुला वाटलं मी फारच मनाला लावून घेतलं. जिव्हारी लागलं होतं हे खरं, पण खोटं बोलले म्हणून नव्हतं लागलं. खरं बोलले म्हणून लागलं.

त्या मंगळवारचं तुला माहीत आहे तेवढं आधी लिहितो. सोमवारी संध्याकाळी सातला बाबा व्हिडिओ कॉलवर दिसले नाहीत. मंगळवारी सकाळी तू तक्रार टाकलीस आणि मलाही फोन केलास. मी म्हणालो, तो भाग माझ्याकडे नाही, येईल कोणीतरी. बाबांना मेसेज गेला की दार बंद होतं. मग कोणाची वाट न बघता ते स्वतःच कपाटावरची तार बघायला स्टुलावर चढले आणि पडले. खालच्या शिवणवाल्या मावशींना दोन तासांनी कण्हणं ऐकू आलं. खुब्याचं हाड मोडलं. नंतर मी जाऊन ती तार पाहिली, कपाटामागे दबून मुरडली होती. सात मिनिटांचं काम.

दवाखान्यात पडल्या पडल्या बाबा एकच सांगत होते. 'मी नऊपासून दारात खुर्ची टाकून बसलो होतो. दार सताड उघडं होतं.' तू कंपनीला फोन लावलास, तिथल्या मुलीने सांगितलं की आमच्या नोंदीत दार बंद आहे, प्रतिनिधीचं नाव देता येणार नाही. तू तिला नाही नाही ते बोललीस, मग मनात शंका आली म्हणून बाबांना हळूच विचारलंस की डोळा लागला होता का. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तारीख विचारली, ती दोन दिवसांनी चुकली आणि कागदावर 'विसराळूपणा' लिहून आला. एका बाजूला कंपनीची नोंद आणि डॉक्टरांचा कागद, दुसऱ्या बाजूला एक म्हातारा. तू म्हणालीस, आपलं दार उघडं होतं की बंद हेही ज्याला धड सांगता येत नाही त्याला एकटं कसं ठेवायचं? तुझं काही चुकलं नाही. तुझ्या जागी मीही तेच ठरवलं असतं.

आता मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो, तू बरं वाटतं म्हणतेस. जुन्या भांडणाचा त्यांनी शब्द काढलेला नाही. चार पायांची काठी घेऊन जेमतेम दारापर्यंत चालतात. पण तुला न सांगितलेली एक गोष्ट आहे. त्यांनी एक वही केली आहे. दार उघडलं की लिहितात, 'दार उघडले, आठ दहा.' लावलं की लिहितात, 'दार लावले, एक वाजता.' मग जाऊन कडी पुन्हा बघून येतात आणि पुढे बरोबरची खूण करतात. तक्ते करायची खोड तू कोणाकडून उचललीस ते मला आता कळलं. आयुष्यभर हजारो तारा डोक्यात ठेवणारा माणूस, आणि आता त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरलेला नाही. मला ते बघवत नाही.

परवा त्यांनी वही मिटली आणि मला विचारलं, 'तू धंद्यातला आहेस. खरं सांग, त्या दिवशी मला डुलकी लागली असेल का रे?' ताई, बाबांनी जन्मात कधी मला काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. आणि मी म्हणालो, 'लागली असेल, बाबा. या वयात लागते.' त्यांनी मान हलवली. म्हणाले, 'मग ताई म्हणते तसंच करू. तिला उगाच घोर नको.' मी चहा करतो म्हणून आत गेलो आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो. तेव्हाच मला कळलं की या फॉर्मवर सही करणं माझ्या हातून होणार नाही.

कारण मी गेलो होतो, ताई. त्या दिवशी शेजारच्या भागातला माणूस रजेवर होता आणि त्याची सहा घरं माझ्या मोबाइलवर आली. चौथा पत्ता आपला. मी औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर गाडी लावली आणि तिथून वर आपल्या गॅलरीकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. बाबा खुर्ची टाकून बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, जुनी पक्कड मांडीवर घेऊन, येणाऱ्या माणसाची परीक्षा घ्यायला तयार. माझ्या डोळ्यांसमोर आलं की ते मागे उभे राहून माझे हात बघणार, आणि मला ते सोसवलं नाही. मी तिथूनच शेरा निवडला. लगेच त्यांचा मोबाइल वाजला असणार, कारण त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि वाचलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं. मग हात लांब करून दाराच्या फळीला हात लावून पाहिला. मी गाडी सुरू केली आणि निघून आलो. त्या दिवशी घरी होते ते बाबा, आणि तिथे असून नसल्यासारखा होतो तो मी. त्यांना डुलकी लागली नव्हती. ते काही विसरलेले नाहीत. नोंदीची छापील प्रत सोबत जोडली आहे, त्यावर माझा कर्मचारी नंबर आहे. तशीच एक प्रत ऑफिसात दिली आहे, ते काय करायचं ते करतील. फॉर्म सही न करता परत पाठवतोय. आमच्या कंपनीच्या चौकटीत तुला हवं ते लिही, आणि माझ्या नावापुढची फुली या वेळी खोडू नकोस. हे पत्र आधी पेटीत टाकणार आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही, आणि तसाच बाबांकडे जाणार आहे. त्यांना हेच सगळं सांगेन. मग ते मला घरात ठेवतील किंवा नाही ठेवणार, पण त्याआधी ती वही मागून घेईन आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, पहिल्या पानाच्याही आधी, त्या मंगळवारची नोंद माझ्या हाताने लिहून खाली सही करेन. दार उघडे, नऊपासून.

तू म्हणू देशील तर तुझाच,
बारक्या