उभ्यानं लागणारं बाइंडिंग

रविवार, ७ जानेवारी

जुन्या बाइंडिंगचा, म्हणजे स्नोबोर्डच्या फळीला बूट आवळणाऱ्या पट्ट्यांचा, खरा हिशेब आज मांडला. ओळखीत जवळजवळ फुकट मिळालं म्हणून तेव्हा किती मिरवलो होतो! आजवर त्यापायी गेलेलं — दोन पँटी (बुडाकडून), एक कंबर, बर्फात विसरलेले हातमोजे, आणि डोंगरावरची इज्जत, जवळपास सगळी.

दर फेरीला तेच. लिफ्टच्या पाळण्यातून डोंगरावर उतरतो तेव्हा पुढचा पाय स्नोबोर्डला बांधलेला, मागचा मोकळा. मग बर्फात बसायचं, पोट आडवं येत असताना वाकायचं, आणि मागच्या बुटावरून दोन पट्टे आवळायचे. तोवर शाळकरी पोरं डोक्यावरून उडून जातात. कन्या मात्र शेजारी बसून राहते. तिला पट्टे उभ्याउभ्या लावता येतात, कितीदा पाहिलंय. तरी बसते, पट्टा सोडते, पुन्हा आवळते. बापाची कीव, दुसरं काय!

संध्याकाळी घरी आलो. पॅसेजमध्ये ओले मोजे काढत होतो. कन्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती, “बाबांबरोबर गेलं की सगळा वेळ नुसता बसण्यात जातो गं—” आणि हिनं मिक्सर लावला. पुढचं ऐकू आलं नाही. पण मुद्दा कळायला तेवढं पुरलं.

आठवडाभर आम्ही दोघं कारखान्यात. तिथे ती ऑर्डरी सांभाळते, मी माणसं. बोलणं होतं ते मालाचं. रविवार एवढा एकच आमचा. तोही माझ्या पोटापायी जाणार असेल तर पोट आहे तिथे राहू दे, बाइंडिंग बदलू.

सोमवार, ८ जानेवारी

चौकशी केली. झटपट लागणारी बाइंडिंगं दोन जातींची. एकात मागची पाठ दारासारखी आडवी पडते. पाय मागून सारायचा, पाठ उभी करायची, खटका दाबायचा. जुने बूट चालतात. दुसऱ्यात पट्टाच नाही. बुटालाच आकडे असतात, वर उभं राहायचं की टाच आणि चवडा आपोआप अडकतात. पण बूट त्यांचेच घ्यावे लागतात. धंदा कसा करावा हे यांच्याकडून शिकावं.

शेवटी ही कडीच. कड्या, बिजागऱ्या आणि खटके यांत माझं आयुष्य गेलं. हातगाडीवर विकल्या, मग दुकानात, आता स्वतः बनवतो. कडी नीट बसली की नाही ते मी पाठमोरा उभा राहून आवाजावरून सांगतो. आजवर एकाही कडीनं मला फसवलेलं नाही.

माणसांचंही तेच. माझ्या कानावर आल्याशिवाय या घरात चमचा हलत नाही.

बुधवार, १० जानेवारी

दुपारी सटकलो. बोर्डांच्या दुकानाचा मालक पोनीटेलवाला आहे. कन्येच्या ओळखीचा, तिचा बोर्ड तोच घासून देतो. दारातच म्हणाला, “या काका.” तेवढ्यावरूनच परत फिरणार होतो, पण बाहेर थंडी होती.

त्यानं दोन्ही जाती पुढ्यात ठेवल्या. मी सांगितलं, मित्रासाठी बघतोय. मित्राच्या पायाचं माप त्यानं माझ्याच पायावरून घेतलं आणि एक अक्षर बोलला नाही. माणूस धंद्यात वर जाणार.

दाराच्या जातीत पाय गेला सुरेख. पण पाठ उभी करायला मागे वाकायचं आणि खटका दाबायला पुढे. म्हणजे पोटाची परीक्षा दोनदा. मग आकड्यांचे बूट चढवले आणि उभा राहिलो. टाच टेकली — खट्!

काय आवाज! भरीव, खोटा खणखणाट नाही. मी डोळे मिटून तीन-चारदा ऐकला. पोनीटेलवाला सांगत होता, टाच जोरात वाजते, चवडा दोन्ही बाजूंनी हळूच अडकतो, तो बघून घ्यायचा, खाली बर्फ राहिला तर धरत नाही. मी म्हटलं, “बाबा रे, मला कडी शिकवतोस?” तो हसला.

कोपऱ्यात एक लांबलचक गुबगुबीत पिशवी भिंतीला टेकून होती. बोर्ड विमानातून न्यायची. कोरी करकरीत. विचारलं तर म्हणाला, एका गिऱ्हाइकाची, मुक्काम हलवतंय. मी चेन ओढून पाहिली. चेन बरी होती, पण एवढा थाट! म्हटलं, मालक बापाच्या पैशावर उडणारा असणार. मी माल बघून गिऱ्हाईक ओळखतो. पोनीटेलवाल्याला अचानक मागच्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

शुक्रवार, १२ जानेवारी

मित्राच्या बाइंडिंगचं खोकं घरी आलं. ही म्हणाली, “अहो, मित्राला जेवायला तरी बोलवा.”

शनिवार, १३ जानेवारी

दिवाणखान्यात सराव. बोर्ड गालिच्यावर, मी बोर्डवर. खट्, खट्. सोडवायलाही सोपं. बाजूची दोरी ओढायची, टाच उचलायची. ही सोफ्यावर पाय वर घेऊन वर्तमानपत्र वाचत होती. विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, छान, आता बसायला नको, घाई करायला मोकळे. मग म्हणाली, “पण पोरीला विचारलंत का, तिला काय हवंय?”

म्हटलं, तिच्या मनातलं मला तिच्याआधी कळतं. तिनं वर्तमानपत्र जरा वर धरलं.

रविवार, १४ जानेवारी

विजय! नाकावर टिच्चून विजय!

वर उतरलो, टाच टेकली, खट्, चाललो. बूड कोरडं! कन्या सवयीनं बर्फात बसली होती, तिचं तोंड बघण्यासारखं झालं. “बाबा, थांब ना जरा—” म्हणाली. मी म्हटलं, आता थांबायचे दिवस गेले. खाली पोचून मीच तिची वाट बघत राहिलो. दर फेरीला.

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. दमली असणार, बापाच्या वेगाची सवय नाही. मी कारखान्याच्या नव्या पाटीचं काढलं, आपल्या दोघांचं नाव टाकायचं म्हणून. “बघू,” म्हणाली.

सोमवार, १५ जानेवारी

कंबर एकदम गप्प. बाइंडिंगला शंभरपैकी शंभर.

गुरुवार, १८ जानेवारी

पाटीवाला येऊन माप घेऊन गेला. कन्या म्हणाली, इतक्यात ऑर्डर नको देऊस. रंगाचं काही असेल. ही दोन दिवस माझ्याशी जरा जास्तच प्रेमानं वागतेय. काहीतरी महाग घ्यायचं असणार.

रविवार, २१ जानेवारी

आपटलो.

दुसरी फेरी. रात्री ताजा बर्फ पडलेला, बुटाखाली गोळा झाला होता. टाच खट् वाजली आणि मी निघालो. चवडा धरलाच नव्हता. पहिल्याच वळणावर मागचा पाय एकीकडे, मी दुसरीकडे, तोंड बर्फात. लागलं फारसं नाही. पण ज्या कडीचा आवाज डोळे मिटून ऐकला, तिनंच!

कन्या सपकन खाली आली आणि शेजारी बसली. बुटाखालचा बर्फ खरवडून काढला. मी म्हटलं, झालं, चल. तिनं माझ्या बुटावर हात ठेवला.

“नाही बाबा. आज खाली नाही जायचं. आधी ऐकायचं.”

तिनं दुसऱ्या शहरात नोकरी घेतली आहे. आमच्या धंद्यातली नाही. पुलांचं काम. तिचं शिक्षण त्यातलंच, हे माझ्या लक्षातून गेलं होतं. म्हणाली, हिवाळाभर इथे वर बसून सांगायचा प्रयत्न करत होती. दर वेळी पट्टा सोडायची, पुन्हा आवळायची. तोवर माझे लागायचे आणि मी ‘चल’ म्हणायचो. मग मी पट्टेच काढून टाकले!

मला मिक्सरची आठवण झाली. विचारलं, त्या दिवशी आईला काय सांगत होतीस? म्हणाली, “हेच. सगळा वेळ बसण्यात जातो, आणि तरी तोंड उघडत नाही माझं.”

पुलांनाही खटके लागतात का, असं काहीतरी विचारलं. ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. पोरं आमच्या डोक्यावरून उडून गेली. बर्फ पँटीतून आत आला. आम्ही बराच वेळ बसून होतो.

सोमवार, २२ जानेवारी

पाटीवाल्याला फोन करून थांबवलं. म्हणाला, ताई मागेच सांगून गेल्यात. हिला तर पहिल्यापासून माहीत होतं. पोनीटेलवाल्यालाही.

दुपारी त्याच्याकडून कन्येचं सामान आणलं. कोपऱ्यातली ती लांब पिशवी. पैसे तिनं आपल्या पगारातून दिले होते.