शिक्का मारलेली क्षमा

जबलपूर, ता. ८ ऑक्टोबर १९७४

चि. हुकूमचंदास जतनबाईचा आशीर्वाद. आमी इकडे मजेत आहो, आईले सांग.

क्षमावणीचं तुहं छापील कार्ड पोचलं. वा! कापसाच्या अडत्यांले धाडतो तेच सख्ख्या बहिणीले धाडलं. सहीच्या जागी दुकानाचा शिक्का. वर्षातून एकदा माफी मागाची, तर तेवढ्यानंबी हात दुखते काय?

तुह्या राजमतीले पाहाले पाहुणे आले, तवा तू मले सैपाकघरात बसवलं. कोड आलेली आत्या दिसली तर सोयरीक मोडते म्हणे. अन् बैठकीत सांगितलं, "बहीण येऊ शकली नाही." मी भिंतीपलीकडं त्याइच्यासाठीच पुऱ्या तळून राह्यली होती. चांगल्या फुगल्या म्हणे.

खरं सांगतो, तुह्याहून जास्त मी माह्यावरच चिडली. मुकाट्यानं काहून बसली? मंग वर्षभर तोंडावर पदर ओढून फिरली. काल मात्र बाजारात उघड्या तोंडानं गेली. मेथीवालीनं माह्याकडं पाह्यलं अन् मेथीचा भाव सांगितला. बस, एवढंच झालं. मी मले माफ करून टाकलं.

आईचे गुडघे कसे आहेत? राजमती सासरी सुखात आहे ना? तिच्यावर माहा राग नाही.

कार्ड याच पाकिटात परत धाडून राह्यली. त्यावर "जाणता-अजाणता मन दुखावले असल्यास" असं छापलं आहे. त्यातला खोटा शब्द आपल्या हातानं खोड अन् मंग मले धाड.

येऊ न शकलेली तुही बहीण,
जतन