एक वीत आत

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही होता तेव्हा लिहिण्याची वेळच आली नाही, कारण आपण दोघं शारजात एकाच खोलीत राहत होतो, रोला भागातल्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तुमची खाट खिडकीपाशी होती आणि माझी दाराजवळ. बोलायला हवं ते बोलायला मधे चार पावलांचं अंतर होतं आणि हातात सहा वर्षं होती. मी बोललो नाही. गेल्या महिन्यात एक बोट माझ्याकडे कामाला आली, आणि तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही.

तुम्हाला आठवत असेल, डिप्लोमा झाल्यावर तुमच्या शब्दावर मला तुमच्याच यार्डात चिकटवून घेतलं. तुम्ही तिथे वीस वर्षं फायबरच्या मासेमारी बोटींचे तळ बांधत होतात, आणि मी आलो तो इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणून, इस्त्रीच्या शर्टात. यार्डात मी तुम्हाला बाबा म्हणत नसे. सगळे चाचा म्हणत, मीही चाचा म्हणायचो. मी तुमचा मुलगा आहे हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, तरी मला वाटायचं, रेझिनने हात चिकट झालेल्या माणसाला चारचौघांत बाप म्हटलं की माझा शर्ट मळेल. खोलीवर आलं की मी पुन्हा बाबा म्हणायचो, आणि तुम्ही ओ द्यायचात.

ती बोट मला अजून जशीच्या तशी दिसते. पांढरा तराद, म्हणजे इथली लांबट मासेमारी बोट, मागे दोन दणकट इंजिनं, आणि मालक एक वयस्कर अमिराती मच्छीमार. आपण त्याला अरबाब म्हणायचो, इथे मालकाला म्हणतात तसं. त्याला पाण्याची खोली दाखवणारं यंत्र बसवून हवं होतं, खडकाळ तळ शोधून तिथे जाळीचे पिंजरे सोडायला. पडदा कुठेही बसतो. खरा प्रश्न असतो तो ट्रान्सड्यूसरचा, बोटीच्या तळात बसवायच्या त्या वाटीचा. ती खाली आवाज सोडते आणि तळावरून परत आलेला आवाज ऐकते. तुम्ही तिला कान म्हणायचात. तिच्याखालून पाणी सलग वाहिलं तरच तिला ऐकू येतं, फेस आला की ती बहिरी होते. आणि तिच्यासाठी तळाला मुठीएवढं भोक पाडावं लागतं, त्यामुळे आधी पाडून मग विचार करण्यातलं हे काम नव्हे.

मी मॅन्युअल उघडून टेप लावली होती. इंजिनांपासून अंतर बरोबर, बाजू बरोबर, आतून हात सहज पोचत होता, केबलही पुरत होती. मी पेन्सिलीने गोल काढला. तुम्ही खाली वाकलात, तळाला लांबीने जाणाऱ्या उंच पट्टीवरून तळहात फिरवत आलात आणि ती जिथे संपते तिथे थांबलात. माझा गोल बरोबर तिच्या मागे होता. ‘इथे पाणी फाटतंय,’ तुम्ही हळूच म्हणालात, मराठीत, मालकाला कळू नये म्हणून. ‘एक वीत आत घे, कण्याकडे. नाहीतर नीळ लावून बघू या.’

तुमची नीळ! कपड्यांची नीळ ग्रीसमध्ये कालवायची, तळाला पुढच्या बाजूने तिचे ठिपके द्यायचे, बोट जोरात पळवून आणायची आणि वर काढून बघायचं. जिथे निळ्या रेघा सरळ ओढल्या गेल्या तिथे पाणी सलग, जिथे विस्कटल्या तिथे फेस. अर्ध्या दिवसाचं काम. शिवाय वीतभर आत घ्यायचं तर आतली एक फळी कापून पुन्हा बांधावी लागणार होती. अरबाब घड्याळ बघत होता. ‘यल्ला, यल्ला, कल सुबह समंदर में जाना है.’ आणि मी हसून त्याला म्हणालो, ‘अरबाब, ये पुराने लोग हैं. इनका सब अंदाज़ से चलता है. किताब में जो लिखा है, वही होगा.’ तो हसला. बाकीचेही हसले. मग मी तुमच्याकडे वळून म्हणालो, ‘चाचा, आप पॉलिश देखो.’

ड्रिल सुरू झालं तेव्हा तुम्ही भोकाखाली झाडू घेऊन उभे होतात, कचरा माझ्या डोळ्यांत उडू नये म्हणून फळी धरून.

बोट सावकाश चालली की आकडा ठीक यायचा. वेग घेतला की कान बहिरा व्हायचा आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहायचा. तिसऱ्याच आठवड्यात अरबाब भर ओहोटीला परत येत होता, पडदा सांगत होता भरपूर पाणी आहे, आणि बोट वाळूवर चढली. एका इंजिनाचा पाय तुटला, अरबाबचं मनगट मोडलं, आणि त्या माणसाला भरती येईपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींसमोर वाळूवर बसून राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टर घातलेला हात घेऊन यार्डात आला. मॅनेजरने सगळ्यांना बोटीभोवती उभं केलं. ‘जगह किसने पकड़ी?’ त्याने विचारलं.

मी तळाकडे बघत होतो. मला आठवतं, मी मनात शब्द जुळवत होतो, मॅन्युअलचं पान कितवं ते आठवत होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ‘मैंने बोला था, इधर मारो. लड़का नया है, उसने मेरा सुना.’

मॅनेजर म्हणाला, ‘फिर ये छेद भी तुम ही भरो. उसके बाद बोट के तले को हाथ नहीं लगाना. खलास.’ तुम्ही दोन दिवस लावून ते भोक बुजवलंत, थरावर थर देत. ते तुमचं तळाचं शेवटचं काम. पुढची सहा वर्षं, गावी परत जाईपर्यंत, तुम्ही पॉलिश मारलंत. मीच सांगितलं होतं ना, चाचा, आप पॉलिश देखो.

त्या संध्याकाळी खोलीवर तुम्ही शेरी माशाचं कालवण केलंत. मी पहिल्या घासाची वाट बघत बसलो होतो, आता बोलतील म्हणून. तुम्ही विचारलंत, ‘मीठ कमी झालंय का रे?’ मी नाही म्हणालो. खरं तर मीठ घालायचंच राहिलं होतं. आपण दोघांनी ते तसंच संपवलं.

मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो की माझी नोकरी कच्ची होती, व्हिसा गेला असता, तुम्हीच ते ओळखून पुढे झालात. पण तीन महिन्यांत मी पक्का झालो, बाबा. त्यानंतर कुठल्याही सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगता आलं असतं. मी रोज त्या केबिनवरून जात होतो, आणि तुम्ही रोज बाहेर धुळीत मशीन धरून बसलेले दिसत होतात. मला व्हिसाची भीती नव्हती. मला लाज वाटत होती, आणि ती झाकायला तुमचं नाव सोयीचं पडलं.

आता इथेच खाडीवर माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, बोटींना यंत्रं बसवून देण्याचं. प्रत्येक बोटीला मी आधी नीळ लावतो. खाडीवरचे लोक त्याला माझी पद्धत म्हणतात आणि मी ते खोडत नाही.

गेल्या महिन्यात तोच तराद आला, नवं यंत्र बसवायला. अरबाब आता काठी घेऊन चालतो. मी बोटीखाली गेलो आणि पट्टीच्या मागे बोटाने ठोकत तुमचं भोक शोधलं. सापडलं नाही. आवाज सगळीकडे सारखा, भरीव. शेवटी अरबाबनेच काठीने जागा दाखवली. ‘तेरा बाप अच्छा आदमी था,’ तो म्हणाला, ‘लेकिन ये जगह गलत पकड़ी उसने. मैंने माफ कर दिया, बहुत पहले.’ मी म्हणालो, ‘जी, अरबाब.’

नीळ लावली, बोट पळवून आणली. पट्टीच्या मागे रेघा विस्कटल्या होत्या आणि एक वीत आत, कण्याकडे, सरळ रेघा ओढल्या गेल्या होत्या. मी फळी कापली आणि तिथे कान बसवला. पूर्ण वेगातही आकडा हलत राहिला, जिवंत. अरबाबने माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘शाबाश. तू बाप से आगे निकल गया.’ आणि मी म्हणालो, ‘शुक्रन.’

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असं मी म्हणणार होतो. पण यातलं तुम्हाला न कळलेलं काहीच नाही. कळायला हवं ते अरबाबला. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, हिंदी त्याला माझ्याइतकीच येते, आणि तो शुक्रवारी घरीच असतो. तरी मी तुम्हाला लिहायला बसलो, कारण तुम्ही मला खोटं पाडणार नाही हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी बोटीभोवती उभा होतो, तेव्हाही ठाऊक होतं.