नकाशातली नववी जागा

३ जून. सकाळ.
कालामोराच्या नगरपालिकेला अखेर अक्कल आली. पंचवीस जुलैला गावची जत्रा, त्याआधी टूरिस्टांसाठी नवा नकाशा छापणार. त्यात बघण्याजोग्या नऊ जागा. आठ ठरल्या म्हणे. चर्च, पवनचक्की (मोडकी), चाच्यांचा बुरूज (अर्धा), आणि असलंच काहीबाही. नववी जागा रिकामी आहे. ती माझ्या परसातल्या विहिरीची. अरबांच्या काळातली विहीर या अख्ख्या मायोर्का बेटावर एवढी शाबूत कुठे आहे, दाखवा मला!

आजच नगराध्यक्षांना भेटलो. नगराध्यक्ष म्हणजे तोमेउ, बेकरीवाल्याचा मुलगा. भूगोलात मी त्याला दोनदा नापास केलं होतं. तेव्हा माझा शब्द तो खाली पडू देणार नाही. बघू या सर, म्हणाला. म्हणजे काम झालंच.

३ जून. संध्याकाळ.
माझ्या बहिणीला, प्राशेदिसला, पाल्माला फोन करून विहीर नकाशात येतेय म्हणून सांगितलं. ती फिदीफिदी हसली. म्हणाली, गास्पार, ते वडिलांनी ऑलिव्ह भिजवायला बांधलेलं टाकं ना रे? मी फोन ठेवला. नकाशा आला की तिच्या नाकावर टिच्चून दाखवीन.

७ जून.
संकल्प: टूरिस्टांशी एक शब्द बोलायचा नाही. ही जात बोलण्याच्या लायकीची नाही. भाजलेल्या कोळंबीसारखी लाल होऊन फिरतात, सँडलमध्ये मोजे घालतात, संध्याकाळी सहाला जेवायला बसतात. सहाला! त्या वेळी आमच्याकडे धड भूकही लागलेली नसते.

त्यांना फिरवते कोण, तर माझ्या बायकोची, कोलोमाची, भाची मालेना. हातात पिवळी छत्री. सोमवार सोडून रोज अकराला तिचा कळप आमच्या बाल्कनीखालून जातो. मुलगी गुणी आहे, पण इतिहासात ढ.

९ जून.
संकल्प मोडला. माझा नाइलाज होता. ती गाढवं आमच्या दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढत होती. माझे लेंगे-बनियन! डोक्यात तिडीक गेली. बाल्कनीत जाऊन खडसावलं, की अरे दगडांनो, चड्ड्या काय बघता, आठशे वर्षांची विहीर या दाराच्या मागे आहे! मला इंग्रजी येत नाही (येऊ दिलेलं नाही). मालेनाने भाषांतर केलं. कोणीतरी टाळी वाजवली. म्हणजे त्या कळपात एक तरी सुसंस्कृत माणूस होता.

१० जून.
आज पुन्हा थांबले. मी त्यांच्या मोज्यांवर, त्यांच्या जेवणावर, एकंदर अज्ञानावर बोललो. भरपूर टाळ्या. माझं लांबलचक वाक्य मालेना तीन शब्दांत उरकते आणि लोक खो खो हसतात. तिचं इंग्रजी कच्चं असावं. तरी बिचारी प्रयत्न करते.

१२ जून.
आज मुद्दाम शांत, गोड आवाजात विहिरीचा इतिहास सांगायला घेतला. लोक चुळबुळ करू लागले. एका टकल्याने मालेनाला काहीतरी विचारलं. मी तिला विचारलं, काय म्हणतोय? ती म्हणाली, काका, सुरू कधी होणार असं विचारतोय. मूर्ख! सुरू होऊन किती वेळ झाला होता! एवढ्यात एक बाई आमच्या उंबऱ्यावर बसून आइस्क्रीम चाटू लागली. उंबऱ्यावर! मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला आणि गेलेले लोकसुद्धा परत आले.
निष्कर्ष: इतिहास मोठ्या आवाजातच सांगायचा असतो.

१८ जून.
कोलोमाला काय झालंय कळत नाही. ऊन उतरल्यावर रस्त्यात खुर्च्या टाकून बसायचं, शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या, ही आमची रीत. सूर्य डोक्यावर असताना खुर्च्या बाहेर काढलेल्या माझ्या आईने पाहिल्या असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. आज सकाळी साडेदहालाच कोलोमाने आमच्या चार आणि शेजाऱ्यांच्या सहा खुर्च्या बाल्कनीखाली ओळीने मांडल्या. वर बदामाचा केक आणि लिंबू सरबत. मी म्हणालो, हे घर आहे की खानावळ? ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसांचे पाय दुखतात, आणि तू आत्ता ओरडू नकोस, घसा अकरासाठी राख.
चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या घशाची काळजी पहिल्यांदाच.

२७ जून.
विहीर तपासायला पाल्माहून विद्यापीठाचा प्राध्यापक आला. विहिरीत वाकला आणि वीट दाखवली. विटेवर कारखान्याचा शिक्का आहे म्हणे, साठ वर्षांपूर्वीचा. मी शांतपणे सांगितलं, की ती डागडुजी. तो म्हणाला, सगळ्याच विटा तशा आहेत. मी म्हणालो, चोख डागडुजी. कोलोमा तोंडाला पदरासारखा एप्रन लावून स्वयंपाकघरात पळाली.
आजकाल कोणालाही प्राध्यापक करतात.

२ जुलै.
घसा बसला. डॉक्टरीणबाईंनी बोलायचं नाही म्हणून बजावलं. बातमी गावभर झाली. मालेना मध घेऊन आली, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. काका, शनिवारपर्यंत बरं वाटेल ना? मोठा ग्रुप येतोय हो! तोमेउनेही फोन केला. सरांचा आवाज कसा आहे? एका नगराध्यक्षाला जुन्या शिक्षकाच्या प्रकृतीची इतकी काळजी! ऊर भरून आला. दुसऱ्यांदा नापास करायला नको होतं त्याला.

९ जुलै.
आवाज परतला. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. एक जर्मन तर सँडलमध्ये लाल मोजे घालून आला आणि पाय वर करकरून मला दाखवत राहिला. मी त्याचा यथेच्छ पाणउतारा केला. नंतर तो माझ्यासोबत फोटो मागायला आला. चूक चारचौघांत कबूल करायला धैर्य लागतं. फोटो दिला, पण हसलो नाही. मालेना म्हणाली, नका हसू काका, तसेच छान दिसता.

१६ जुलै.
झालं! तोमेउ बेकरीत भेटला, मला बाजूला घेऊन म्हणाला, सर, नकाशात तुमचं घर येतंय बरं का. नववी जागा. फक्त रागावू नका हं. रागावू? मी त्याला मिठी मारली. त्याच्या कोटावरचं पीठ माझ्या अंगाला लागलं.

परसदार घासून काढलं. कोलोमाच्या कुंड्या विहिरीपासून हटवल्या. विहिरीशेजारच्या संडासाचं दार तेवढं तिने बंद करू दिलं नाही. लोकांना लागतं म्हणाली. कसली लोकं जमवते! प्राशेदिसला सहकुटुंब बोलावलंय, चोवीसला. नवा शर्ट. प्राध्यापकालाही माफ केलं.

२४ जुलै. दुपार.
नगरपालिकेच्या चौकात नकाशे वाटले. प्राशेदिस शेजारी उभी होती. मी तिलाच म्हणालो, तू वाच, मोठ्याने वाच.

तिने वाचलं. नऊ. चिडका मास्तर. बाल्कनीतून, सकाळी अकरा वाजता. सोमवारी बंद.

शेजारी चित्र. मिशा माझ्या. तोंड एवढं मोठं उघडं, की आत चर्च मावेल. विहिरीचा पत्ता नाही. विहीर आहे तिथे शौचालयाची खूण आहे.

प्राशेदिस हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. माझा दंड धरून ती म्हणाली, चल गास्पार, घरी जाऊ.

आणि सोमवारी कळप येत नाही, तो त्यांच्या सुट्टीचा वार असेल असं मी समजत होतो.

२४ जुलै. संध्याकाळ.
कोलोमाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, गावातल्या मांजरांनाही माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस? तिने आणखी एक टोमॅटो चिरायला घेतला. मग म्हणाली, रिटायर झाल्यापासून तीन वर्षं तू रेडिओशी भांडत होतास. जून महिन्यात पहिल्यांदा स्वतःहून दाढी केलीस. मी कशाला सांगू?
मला वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. फार वाईट वाटलं.

संकल्प (अखेरचा): बाल्कनीचं दार कायमचं बंद. कुलूप लावलं. मी शिक्षक आहे, माकड नाही. उद्या जत्रेच्या दिवशीच सगळ्यांना कळू दे.

२५ जुलै. जत्रा.
अकराचे टोल पडले. मी आत, अंधारात, खुर्चीवर. खाली खुर्च्या सरकल्याचे आवाज. मग सगळं शांत. कोणी हसलं नाही. कोणी हाकही मारली नाही. मालेना हळू आवाजात काहीतरी सांगत होती. एका म्हातारीने मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, आजारी आहेत का हो ते?

आजारी! मी! कुलूप काढलं. फक्त एवढंच सांगायला, की आजपासून मी बाहेर येणार नाही. ते सांगता सांगता त्या म्हातारीच्या हातातला कॅपुचिनो दिसला. जुलैच्या भर उन्हात गरम कॅपुचिनो! मग तिला सांगावं लागलं. मग त्या जर्मनाला, तो आज हिरवे मोजे घालून आला होता. मग तोमेउला, तो मागे लपून उभा होता, त्याला दोनदा नापास केल्याचं सगळ्या देशांच्या लोकांना सांगितलं. मालेनाने भाषांतर केलं. चर्चची घंटा बारा वाजल्याचं सांगू लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की विहिरीविषयी बोलायचं राहिलं. टाळ्या थांबेनात. प्राशेदिस पुढच्या रांगेत बसून केक खात होती. तीही टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी कोलोमा नव्या शर्टाला इस्त्री करत होती. मी तिला निक्षून सांगितलं, की हे आता पुरे झालं. उद्या मी बाहेर जाईन, पण केवळ विहिरीचा मुद्दा राहिला म्हणून. आणि सोमवारी तर बाल्कनीकडे फिरकणारसुद्धा नाही.