सैल इलॅस्टिक

गुरुवार, संध्याकाळ

अंबडहून कामावरून आले तर गरुडाच्या मुखवट्याचं इलॅस्टिक पुन्हा सैल. काल मीच घट्ट शिवलं होतं. रविवारी वेशभूषेचा मेळावा, पंखांची अर्धी पिसं चिकटवायची राहिलीत, त्यात हे.

दिवसभर घरात सासूबाई एकट्याच असतात. विचारलं तर मेथी निवडत म्हणाल्या, "मी कशाला हात लावू तुझ्या त्या पोरखेळाला?" वर बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम बिघडवतायत का? पण इलॅस्टिक कापलेलं नाही. टाके उसवून, दोन बोटं सैल करून पुन्हा नीट शिवलंय. आतून खोबरेल तेलाचा वास येतोय.

माझा तर बॉयकट आहे. एवढी जागा कशाला लागते?

अंबाड्याला.

इलॅस्टिक घट्ट करायला सुई काढली होती, ती ठेवून दिली. रविवारी मी पिन लावून घेईन.